हेमाला, गप्पींच्या खोलीतून

कल्याण, १८ नोव्हेंबर २०२४

हेमा,

वर काय लिहावं ते सुचेना. 'सौ.' लिहून खोडलं. 'प्रिय' लिहिलं आणि माझं मलाच कसंतरी झालं. पाच वर्षांत ज्याने एक धड पत्र लिहिलं नाही त्याने कुठल्या तोंडाने प्रिय लिहायचं? म्हणून नुसतं नाव.

परवा ठाण्यात खोपटच्या एस.टी. डेपोवर तुझा भाऊ आनंदा भेटला. गाडी डेपोत लावून चहाला आलेला, कंडक्टरचा बिल्ला छातीला तसाच. मी हाक मारली तर आधी ओळखच दाखवेना. मग म्हणाला, "भाओजी, ताईने नंबर बदललाय." म्हटलं, "दे की नवीन." तर म्हणाला, "मी विचारलेलं तिला, कधी मागितला तर देऊ का. म्हणाली, फोनवर त्यांना गोड बोलता येतं. अवघड काही निघालं की लगेच विषय बदलतात. काय असेल ते लिहून पाठवा म्हणावं."

म्हणून हे पत्र. जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये बसून लिहितोय.

इकडचं सांगतो. आईचे गुडघे तसेच आहेत. दिव्याला आपल्या घरी पाणी अजून एक दिवसाआड येतं, तुझी निळी पिंपं अजून चालतात. गॅलरीतला तुझा ओवा मेला, खोटं कशाला सांगू, मीच पाणी घालायला विसरलो. तुझी फणी आरशाखाली आहे. आई दोनदा टाकायला निघालेली, मी ठेवून घेतली. चहा मी अजून कधीकधी दोन कप टाकतो. आईचा आणि माझा नव्हे. आई चहा कुठे घेते!

कॉलेजात मी आहे तसाच लॅब अटेंडंट. पण यंदा कामात जीव रमतो. क्षिप्रा मॅडम म्हणून एक मुलगी पीएच.डी.ला आलीय, घोडबंदर रोडला राहते, मला काका म्हणते. तिचा अभ्यास गप्पी माशांवर. तुला माहीत आहेत, डासांसाठी महापालिकेवाले विहिरीत, गटारात सोडतात ते. ठाण्याच्या एका बंद विहिरीतून आम्ही धरून आणले. म्हणजे मी उतरलो, ती वरून "काका, सांभाळून" म्हणत होती. आता प्रॅक्टिकलच्या मागच्या खोलीत चाळीस काचेच्या टाक्या आहेत. पाणी भरायचं, एक दिवस उघडं ठेवायचं, मग मासे सोडायचे. हे सगळं माझ्याकडे.

अभ्यास कशावर ते आईसमोर बोलता येत नाही. तुला सांगतो. नर पिल्लं होण्यासाठी काय काय युक्त्या करतो त्यावर. गप्पीचा नर एवढासा, बोटाच्या पेरापेक्षा लहान, पण रंगीत. मादी मोठी आणि मातकट. नर तिच्यासमोर येतो, अंग वाकडं करून थरथरतो, नाचून दाखवतो. तिला पसंत पडलं तर ठीक. नाही पडलं तर तोच नर गुपचूप मागून येतो, तिला कळायच्या आत आपलं काम उरकून पळतो. मला वाटलेलं नाचणारे वेगळे आणि चोरटे वेगळे. क्षिप्रा म्हणाली, नाही काका, गप्पीत प्रत्येक नर दोन्ही करतो. कधी काय करायचं ते वेळ बघून ठरवतो.

घंटा झाली. मला लिहायचं होतं ते हे नव्हतं. कागदावरसुद्धा विषय बदलता येतो, बघ.

विश्राम


कल्याण, ९ डिसेंबर २०२४

हेमा,

तुझं कार्ड आलं. "पत्र मिळालं. मासे बरे आहेत हे कळलं. तुम्हाला काय हवंय ते कळलं नाही." एवढंच. पण अक्षर तुझं. 'ळ' काढताना तू खालचा गोल अजून उघडाच ठेवतेस. ते कार्ड मी शर्टाच्या खिशात ठेवलंय. कॉलेजात जाताना हात लावून बघतो.

सोनलची कादंबरी पाच वर्षांची झाली असेल. आनंदा म्हणाला, अंगणवाडीच्या बाईंना तिचं नाव लिहिता येत नाही म्हणून त्या हजेरीत 'कादू' लिहितात. सोनलने नाव निवडताना काय विचार केला असेल! मला तुझी बहीण नेहमी आठवते ती लायब्ररीचं पुस्तक पदराखाली लपवून भाजी निवडणारी. मरायचं वय नव्हतं तिचं. बाळंतपणानंतर आठव्या दिवशी. मी तेव्हा आलोही नव्हतो. कामाचं कारण सांगितलं होतं.

गेल्या गुरुवारी क्षिप्राने मला मायक्रोस्कोपमध्ये बघायला दिलं. काम नाजूक असतं. नराला औषधाच्या पाण्यात ठेवून गुंगी आणायची, ओल्या काचेवर आडवं निजवायचं आणि बारीक काडीने पोटावर हळूच दाबायचं. पांढरे ठिपके बाहेर येतात, रव्याच्या कणांसारखे. एकेका ठिपक्यात हजारो शुक्राणू. चार-पाच मिनिटांत मासा परत पाण्यात, शुद्धीवर येतो आणि काही झालंच नाही असा पोहायला लागतो. हे काम आता मी करतो. क्षिप्रा म्हणते, काका, तुमचा हात माझ्यापेक्षा हलका आहे.

एका मादीला दोन-तीन नर भेटलेले असतात, मग पिल्लं कुणाची हे तिच्या पोटात ठरतं. शुक्राणूंचीच शर्यत लागते. ज्याचे जास्त आणि जोरात पळणारे, त्याची पिल्लं बहुतेक जास्त. क्षिप्राचा प्रयोग असा की अर्ध्या टाक्यांत नराला काचेपलीकडे मादी दिसते. नुसती दिसते, जवळ जाता येत नाही. उरलेल्या टाक्यांत मधल्या काचेला मी काळा कागद चिकटवलाय. आठवड्याने दोघांचे मोजायचे. ज्याला मादी दिसत राहते त्याचे जास्त भरतात. नुसतं बघून, हेमा. कागद चिकटवायचं काम आलं की माझा हात उगाच रेंगाळतो.

तर मी डोळा लावला. आधी एक ठिपका. त्यावर तिने औषधाचा थेंब सोडला आणि तो फुटला. नुसती पळापळ. बारीक, चमकणारं, जिवंत, किती म्हणून सांगू. मी मटकन स्टूलवर बसलो. क्षिप्रा घाबरली. म्हणाली, "काका, काय होतंय?" मी म्हटलं, "गुरुवार आहे ना, उपास."

मी गुरुवार धरत नाही हे तुला माहीत आहे.

विश्राम


कल्याण, १५ जानेवारी २०२५

हेमा,

काल संक्रांत. आईने तिळाच्या वड्या शेजारच्यांकडून आणल्या. तू करायचीस त्याला खसखशीचा वास असायचा.

आज जे झालं ते आजच लिहितो, उद्यावर टाकलं तर लिहिणार नाही.

सतरा नंबरच्या टाकीत एक मादी ऑक्टोबरपासून एकटी होती. तिच्या टाकीतला नर तेव्हाच मेलेला, मीच जाळीने काढला होता. आज सकाळी बघतो तर टाकीत बारा पिल्लं, डोळे तेवढे दिसणारी. मला वाटलं माझ्याच हातून चूक झाली, कुठला तरी नर चुकून गेला. वही घेऊन क्षिप्राकडे गेलो. ती हसली. "चूक नाही काका. मादी ते आत जपून ठेवते. महिनोन्‌महिने. नर मरून गेला तरी त्याची पिल्लं होत राहतात."

मी त्या पिल्लांकडे बघत बसलो. क्षिप्रा जवळ येऊन उभी राहिली आणि सहज विचारलं, "काका, तुम्हाला मुलं किती?"

"नाहीत."

"अच्छा. सॉरी."

एवढ्यावर थांबायचं होतं. ती आणखी काही विचारत नव्हती. आणि माझ्या तोंडून निघालं, "मिसेसला प्रॉब्लेम होता."

ती म्हणाली, "दोघांच्या टेस्ट झालेल्या?"

मी म्हटलं, "हो. माझं नॉर्मल."

हेमा, तू पाच वर्षं इथे नाहीस. ती मुलगी तुला ओळखत नाही, कधी भेटणार नाही. तिच्यासमोर माझं काय जाणार होतं? कुणी मागितलं नव्हतं, तरी मी दिलं. जिभेला इतकी सवय की मला कळायच्या आत बोलून झालं. मग दिवसभर माझ्या हाताने काम होईना. एक नर गुंगीच्या पाण्यात जास्त वेळ राहिला आणि मेला. या चार महिन्यांत पहिल्यांदा.

बाकीचं उद्या. शपथ घेत नाही, माझ्या शपथांना तुझ्याकडे काय किंमत असेल ते मला माहीत आहे. पण उद्या.


कल्याण, १६ जानेवारी २०२५

२०१४, ऑगस्ट. डोंबिवलीचा दवाखाना, तिसरा मजला. तुला चढवत नव्हतं म्हणून तू खाली रसवंतीच्या बाकावर बसलेलीस. रिपोर्ट आणायला मी एकटा वर गेलो.

डॉक्टरांनी दोन्ही कागद समोर ठेवले. म्हणाले, "मिसेसचं सगळं व्यवस्थित आहे. तुमच्या तपासणीत शुक्राणू दिसले नाहीत." माझ्या कागदावर एका ओळीसमोर इंग्रजीत 'निल' टाइप केलेलं. ते चांगले गृहस्थ होते. म्हणाले, "घाबरू नका, अजून तपासण्या आहेत, कधीकधी इलाज होतो. दुसऱ्याचं बीज घेऊनही मूल होतं, दत्तकही घेता येतं. पुढच्या वेळी दोघं या, बसून बोलू."

खाली येईपर्यंत काही ठरवलेलं नव्हतं. तुझ्यासमोर येऊन उभा राहिलो तेव्हाही नव्हतं. तू विचारलंस, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "तुझ्यात थोडी कमी आहे म्हणाले. औषधाने होईल."

तू काय म्हणालीस आठवतं? म्हणालीस, "चला, निदान तुमच्यात काही नाही." आणि माझ्यासाठी उसाचा रस सांगितलास. तू बरोबर बसून प्यायलीस आणि तुझा चेहरा असा होता की आता उपाय सापडेल.

रिपोर्ट तू बघायला मागितलेस. मी म्हटलं डॉक्टरांनी ठेवून घेतले. दोन्ही कागद मी स्टेशनजवळच्या गटारात टाकले. मग मीच म्हटलं, हा डॉक्टर बरा नाही, दुसरा बघू. मग वैद्य. मग काढे. तू नाक धरून प्यायचीस. मी चमचाभर गूळ घेऊन उभा असायचो. माझ्याएवढा काळजी घेणारा नवरा चाळीत नाही, असं शेजारच्या बायका म्हणायच्या. मला ते ऐकायला बरं वाटायचं, हेही लिहून टाकतो.

आईने तुला काय काय ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. मी समोर होतो. माझ्या चुलतभावाच्या, विनीतच्या मुलाचं बारसं आठवतं, त्या दिवशी सगळ्याजणी पाळण्याची दोरी धरायला पुढे झाल्या, तूही हात पुढे केलास, आणि आई सगळ्यांदेखत म्हणाली, "तू राहू दे गं." तू हात मागे घेतलास. त्याच हाताने पदर सारखा केलास, जणू त्यासाठीच उचलला होतास. मी दारात उभा राहून ते पाहिलं. अजून दिसतं.

आणि शेवटचं. सोनल गेल्यावर तू म्हणालीस, तिचा नवरा पोरीला बघायला तयार नाही, आपण आणू. तुझं पहिलं मागणं होतं माझ्याकडे, अकरा वर्षांत. आणि मी म्हटलं, "दुसऱ्याचं पोर मी का वाढवू? मला माझं होऊ शकतं."

मला माझं होऊ शकतं. हे वाक्य मी बोललो. होऊ शकत नाही हे माहीत असून बोललो. तू त्या दिवशी एक पिशवी भरलीस आणि खोपटहून गाडी धरलीस, आणि मला वाटलं, आठ दिवसांत येईल.

क्षिप्राने एकदा एका परदेशी माशाचं सांगितलेलं. नर घरटं करतो, अंड्यांवर शेपटीने वारा घालतो, राखण करतो. दुसरे बारके नर गुपचूप येऊन तिथे आपलं बीज सोडून जातात. म्हणजे राखतो त्यातली किती त्याची, किती नाही, कुणास ठाऊक. मी विचारलं, त्याला कळलं तर? ती म्हणाली, संशय आला तर काही जण राखण ढिली करतात, बरेचजण सांभाळत राहतात. त्या माशाचं मी कौतुक करत नाही. त्याला काय कळतं? मला सगळं कळत होतं, आणि एका आठ दिवसांच्या पोरीला मी घरात येऊ दिलं नाही, कारण ती आली असती तर माझं खोटं संपलं असतं.

मला काय हवंय ते कळलं नाही असं तू लिहिलंस. तू हवी आहेस. पण ते मागायचा हक्क नाही हेही मला माहीत आहे. तुझ्यात कधीच काही दोष नव्हता. एवढं तुला कागदावर मिळावं.

विश्राम


दिवा, २३ फेब्रुवारी २०२५

हेमा,

पाच आठवडे वाट बघितली. पोस्टमनला मी आता नावाने ओळखतो. मला वाटलं पत्र फाडून टाकलंस. मग काल तुझं आलं.

चार वेळा वाचलं. "इथे आल्यावर चिपळूणला माझं तपासून घेतलं. चार वर्षं झाली. त्यामुळे तुम्ही लिहिलंत ते मला नवीन नाही. लिहिलंत, एवढंच नवीन."

चार वर्षं! म्हणजे मी इकडून कधीतरी आनंदाबरोबर लाडू पाठवायचो, "तब्येतीला जप, औषध घे" म्हणून चिठ्ठी ठेवायचो, तेव्हा तू ते वाचून काय म्हणत असशील? मला विचार करवत नाही.

आणि पुढचं. "मला सांगून काय उपयोग? ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. आईंना सांगा. त्यांना वाईट वाटावं म्हणून नाही. माझं नाव त्यांनी जिथे जिथे घेतलं तिथे ते अजून तसंच आहे."

सांगतो. आठ दिवस दे. मला आईची भीती वाटते असं नाही. पंचाहत्तरीची म्हातारी, ती काय करणार? भीती ही की आतापर्यंत मी तिचा चांगला मुलगा होतो.

क्षिप्राला मात्र गेल्याच आठवड्यात सांगून टाकलं. पहिल्यांदा परक्यावर करून बघितलं म्हण. ती मासा तोलत होती, मी दुसरा मासा जाळीत धरून उभा होतो. म्हटलं, "मॅडम, त्या दिवशी मी खोटं बोललो. दोष माझ्यात होता. मिसेस नॉर्मल." तिने माझ्याकडे बघितलं, मग जाळीकडे. म्हणाली, "काका, आधी तो पाण्यात सोडा, मरेल." सोडला. मग म्हणाली, "बसा." आणि डब्यातला अर्धा पराठा माझ्यापुढे सरकवला. मी खाल्ला. इतका हलका घास कित्येक वर्षांत गेला नव्हता.

विश्राम


दिवा, ११ मार्च २०२५

हेमा,

सांगितलं.

रविवारी पाणी आलेलं. आई स्टूलावर बसून पिंपात नळी धरून होती, मी बादल्या उचलत होतो. आवाजात बोलायला बरं, म्हणून तेव्हाच काढलं. म्हटलं, "आई, हेमामध्ये काही दोष नव्हता. माझ्यात होता. मला मूल होऊ शकत नाही. चौदा सालीच डॉक्टरांनी सांगितलेलं."

आई म्हणाली, "कुठला मेला डॉक्टर?"

"डोंबिवलीचा."

"त्याला काय कळतंय?"

"कळतंय, आई. हेमाने नंतर तपासून घेतलं. तिचं सगळं चांगलं आहे."

पिंप भरून वाहायला लागलं. तिने नळी काढली नाही. मी नळ बंद केला. मग ती हळूच म्हणाली, "मी तिला वांझ म्हटलं. तू तेव्हा जेवत होतास."

"हो."

"पान सोडून उठला नाहीस."

"नाही."

"तुला म्हाईत होतं, आणि तू मला बोलू दिलंस?"

ती भिंतीला धरून उठली, आत गेली आणि खाटेवर तोंड फिरवून पडली. दोन दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. शेजारच्या बाईंना हाक मारून मागायची. मला वाटलं चिडली माझ्यावर. चिडली होतीच. पण तिचं वेगळं काही चाललं होतं.

आज सकाळी म्हणाली, "कागद घे. मला लिवता येत नाय, तू लिही. मी सांगेन तसंच लिही, मधी तुझं काय घालू नको." ते खाली देतो. तिचे शब्द आहेत, मी फक्त लिहिलेत.

"हेमा, मी गंगुबाई. बारशाला मी तुला पाळण्याची दोरी धरू दिली नाय. त्या दिवशी तिथे किती बाया होत्या त्या मी मोजल्या, बारा होत्या. त्यातल्या दोघी मेल्या. दहा आहेत. काल सहाजणींच्या घरी गेले, गुडघे धरून जिने चढले, आणि सांगितलं की दोष माझ्या पोरात हाय, माझ्या सुनेत नाय. चार राहिल्यात, त्या शिमग्याला गावी गेल्यात, परत येतील तेव्हा सांगीन. तू परत ये असं मी म्हणत नाय. मी असते तर आले नसते. पोरीला माझा आशीर्वाद."

सहाजणींकडे ती कधी गेली ते मलाही माहीत नव्हतं, हेमा. मी कॉलेजात होतो. शेजारची म्हणाली, रिक्षात बसून गेल्या, संध्याकाळी आल्या, आणि आल्यावर पायाला शेक घेतला.

मी तुला खरं लिहायला दहा वर्षं लावली. तिला दोन दिवस लागले.

विश्राम


दिवा, २० मे २०२५

हेमा,

काल पोचलो. गाडी खोपटला तीन तास उशिरा आली. आईला तुझ्याकडचं आवळ्याचं लोणचं दिलं. तिने बरणी उघडून नुसता वास घेतला आणि परत बंद केली. म्हणाली, "पुरवून खाऊ."

तुझं पत्र आलं की "सुट्टीत चार दिवस येऊन जा, आबांनी सांगितलंय," तेव्हा मी ते 'आबांनी' बोटाखाली झाकून वाचलं होतं. आल्यावर कळलं की ते खरंच तुझ्या वडिलांनीच सांगितलेलं. तू माझं अंथरूण पडवीत घातलंस. ताट वाढलंस आणि आत गेलीस. मी तक्रार करत नाही. तुझा वावर ऐकू येत होता. भांडी घासताना तू अजून आधी पेले घेतेस. पाच वर्षांनी तो क्रम ऐकत पडवीत बसायला मिळालं, एवढ्याने माझं मन भरायचं. तू थोडी बारीक झालीस. कानाजवळ पांढरे केस आलेत. मला ते हात लावून बघावेसे वाटत होते. लिहिलं, आता राहू दे.

तिसऱ्या दिवशी परसात तू कुळीथ पाखडत होतीस आणि मी आलो तेव्हा तू पहिल्यांदा आपणहून बोललीस. ते शब्द मला पाठ आहेत. "राग कधीच गेला. पण तुम्ही काही सांगितलंत की मी आधी मनात तपासते, हे खरं असेल का. जेवण छान झालं म्हणालात तरी तपासते. त्याला मी काय करू?"

मी म्हटलं, "तपास." तू सूप झटकलंस आणि म्हणालीस, "दमायला होतं हो."

गाडीत सात तास मी त्याच्यावर विचार केला. त्यावर उत्तर असेल तर ते बोलून द्यायचं नाही, एवढंच मला कळलं.

आता निघायच्या सकाळचं. तुला वाटत असेल मी ऐकलं नाही. मी पडवीत बूट घालत होतो. कादंबरी पाटी घेऊन आली. चार दिवस ती लांबूनच बघायची, त्या दिवशी जवळ येऊन बसली. तिच्या पाटीवर तिचं नाव होतं. 'का' आणि 'दं' जमलेलं, पुढचं नाही. मी 'ब' आणि 'री'ची वेलांटी काढून दाखवली, तिने माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि स्वतः काढली. मग माझ्याकडे नीट बघितलं आणि आत तोंड करून मोठ्याने विचारलं, "मावशी, हे कोण आहेत गं आपले?"

माझा हात बुटाच्या नाडीवर थांबला. आबाही पेपर खाली करून आतल्या दाराकडे बघायला लागले. आत भांड्यांचा आवाज बंद झाला. तू म्हणू शकली असतीस, पाहुणे आहेत. मुंबईचे काका आहेत. किंवा काहीच नाही म्हणू शकली असतीस. मी त्या सगळ्याला तयार होतो.

तू आतून म्हणालीस, "ठरायचंय अजून."

पोरीला ते पुरलं. ती पाटी घेऊन उठली. आबांनी पेपर परत वर केला, पण त्यामागे ते हसत होते असं मला वाटलं. मी नाडी बांधली, उघडली, परत बांधली.

हेमा, मला वाटलेलं तुझ्याकडून 'नाही' घेऊन येईन. इतक्या वर्षांनी तू माझं काय ते अजून ठरवायचं ठेवलंस. लग्न ठरायच्या वेळी मी इतका खूश नव्हतो.

दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी कॉलेजला सुट्टी असते. शुक्रवारची गाडी धरली तर शनिवार-रविवार मिळतात. दर महिन्याला एकदा येऊ का, एवढंच विचारायला हे पत्र. पडवीतच झोपेन. 'नको' असेल तर 'नको' लिही, मी वाचेन आणि येणार नाही. आणि 'या' असेल तर ह्या वेळी तुझं तू लिही, आबांचं नाव घालू नकोस.

विश्राम